पहिली तुती त्याची

२४ जानेवारी
शेजारच्या विमलकाकींकडे हळदीकुंकू. कुंकवाचं बोट माझ्या कपाळापाशी येऊन थांबलं. काकींनी आधी माझ्या गळ्याकडे पाहिलं, मंगळसूत्र दिसल्यावर घाईघाईने टेकवलं. वाण दिलं तेही न बघता. यापुढे कुठे जायचं नाही.

नरेशची बोट उलटली त्याला दोन दिवाळ्या झाल्या. बरोबरच्या दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली. त्याचं नाही. त्यांच्या बायकांचं सगळं रीतीने झालं, रडून-ओरडून झालं, एक तर आता न्हावा शेव्याला कॅन्टीनमध्ये कामाला जाते. मी इथे ना सवाष्ण ना विधवा. पदरात मूलही नाही.

मला तो मेलेला हवाय. लिहिलं एकदाचं.

२७ जानेवारी
भरतभावजी, धाकटे दीर, आज आईंसमोर बोलले. प्रेत नसलं तर दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, मग दिवसकार्य. भटजींना विचारून आलेत. "दोन शिमगे दारात गुलाल नाय. सुतक पन नाय नि सण पन नाय. किती दिस चालवाचा असा?"

सासूबाई बोंबील उलटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुती धरलीय. पयली तुती त्याची. पिकली नि तो खायला आला नाय, तं करा तुमचा पुतला."

भावजी माझ्याकडे बघून निघून गेले. आईंनी शब्द दिला म्हणजे दिला. होळीच्या आत सुटेन म्हणायची.

२ फेब्रु.
झाड नरेशनेच लावलेलं, मुरुडच्या सलीमभाईंच्या अंगणातली फांदी आणून. ते त्याला शहतूत म्हणतात. न. आईंना सांगायचा, शाह म्हणजे राजा, हे राजाचं फळ, पहिलं राजानेच खायचं. आणि राजा कोण, तर हे! अर्ध्या चड्डीवर, अंगाला मासळीचा वास. आई खरंच पहिली तुती वाटीखाली झाकून ठेवायच्या, तो समुद्रावरून येईपर्यंत कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मला उरलेल्या, पाखरांनी टोचलेल्या. गेल्या वर्षीची पहिली तशीच वाटीखाली राहिली. बुरशी आली तेव्हा मीच टाकली.

आज सलीमभाई सुकट न्यायला आले होते. नावाचं विचारलं. हसले. "शाह म्हंजे राजा खरा, भाबी. पन झाडाला लावला का त्याचा अर्थ म्होटा, इतकाच. राजाचा बिजाचा कई नाय."

न.ला हे ठाऊक असणार. लबाड.

१३ फेब्रु.
एव्हाना रंग यायला हवा. गेल्या वर्षी या दिवसांत वाळत घातलेल्या जवळ्यावर जांभळे डाग पडले होते, आई पाखरांना शिव्या घालत बसायच्या. यंदा जवळा स्वच्छ.

२१ फेब्रु.
भावजी रोज येता-जाता विचारतात. खालच्या फांद्यांवर नुसती पानं. विमलकाकी म्हणतात पाखरांनी खाल्ली. पाखरं काय कच्ची खातात?
आईंचं जेवण कमी झालंय. पोटावर हात धरून बसतात. विचारलं तर "वारा धरला असल."

२७ फेब्रु.
आईंना सकाळपासून उलट्या, जुलाब. रिक्षा करून सरकारी दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. डॉक्टर विचारतात काय खाल्लं, या म्हणतात काय नाय.

बादली मी धुतली. हिरवा चोथा आणि बारीक देठ. तुतीचे देठ.

पहाटे मी नळावर जाते तेवढ्यात स्टुलावर चढून ओरबाडत असणार. या वयात! शब्द मोडला नाही, पिकूच दिली नाही. म्हातारीने वकील व्हायला हवं होतं. खूप संतापले. कानाशी वाकून म्हटलं, "तोडायची ती तोडायची, खाल्लीत कशाला?"

"त्याची हाय गो. उकिरड्यावर टाकू?"



४ मार्च
आई घरी आल्या, पण उठवत नाही. झाड आता मोकळं, ओरबाडणारं कुणी नाही. वरच्या फांद्या त्यांच्या हाताला लागल्या नव्हत्या, तिथे लाल दिसायला लागलंय.

"रंग धरलान काय?" खाटेवरून विचारतात.

खोटं कशाला बोलायचं? म्हटलं, जरा जरा. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. पेज घेतली नाही.

भटजींनी पुढचा मंगळवार दिलाय. तुती पिकली तर.

१० मार्च
सोमवार. शेंड्याच्या फांदीला एक काळी झालेली. पूर्ण काळी. आकडीने फांदी ओढली, हलक्या हाताने काढली. तळहातावर घेऊन उभी राहिले. आईंना दाखवायची, वाटीखाली ठेवायची, की भावजींना हाक मारायची... याचीच तर वाट बघत होते ना मी?

तोंडात टाकली.

तेवढ्यात भावजी दारात. "वयनी, पिकली काय? भटजीला फोन कराचाय."

बोटं जांभळी झाली होती. जवळ्याच्या पाटीत दोन्ही हात खुपसले, निवडतेय असं दाखवलं.

"अजून नाही, भावजी."

ते गेले. आई जाग्या होत्या, त्यांनी ऐकलं असणार.

गोड होती. लग्न होऊन आल्यापासून पहिली तुती कधी माझ्या वाट्याला आली नव्हती, इतकी गोड असते हे मला माहीतच नव्हतं. मग रडू आलं. दोन वर्षांत आलं नव्हतं तसं, पाटीवर ओणवी होऊन, तोंडात पदर कोंबून.

गुरुवारी होळी. झाडावर लाल अजून बऱ्याच आहेत.