बिनमटणाचा रस्सा

मावशी, काल मी फ्रान्सकडचा एक रस्सा केला, मशरूमचा. तू असतीस तर म्हणाली असतीस, "रस्सा तो रस्सा गो, त्याला कसला आलाय देश!" आणि तरी टोपात डोकावल्याशिवाय राहिली नसतीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की रोह्यात तुझी खानावळ कुठे होती हे आता लोकांना दाखवावं लागतं. तिथे मोबाइलचं दुकान झालंय. मी पेणला असते. इथल्या एका गेस्ट हाऊसचं स्वयंपाकघर माझ्याकडे आहे, आसपासच्या कंपन्यांच्या कामाला येणारे इंजिनियर तिथे उतरतात. माझी लेक धाटावच्या कारखान्यातली नोकरी सोडून आठ महिन्यांपूर्वी माझ्या हाताखाली आली. हाताखाली म्हणजे काय, मलाच शिकवत असते. तुझ्याकडे कामाला आले तेव्हा मी तिच्याच वयाची होते, आणि तेव्हा मलाही सगळंच येत होतं.

तर पंधरा दिवस एक फ्रेंच बाई राहायला होती, नागोठण्याच्या बाजूला मशीन बसवायच्या कामावर. पक्की शाकाहारी. पहिल्याच दिवशी तिनं मॅनेजरला मध्ये घालून मला विचारलं होतं, मटणाची पळी आणि भाजीची पळी वेगळी असते ना? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, वेगळी असते. काल दुपारी दोनला तिची गाडी होती, आणि जायच्या आधीच्या जेवणाला तिनं एकच गोष्ट मागितली. तिची आई थंडीच्या दिवसांत मांसाचा एक दाट रस्सा करायची, तासन्‌तास मंद आचेवर. हिनं मांस सोडलं त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून ती त्यात मांसाऐवजी मशरूम घालून बघते, पण आईची चव येत नाही. मॅनेजरनं तिच्या मोबाइलवरून कृती वाचून दाखवली. लोणी, अख्खे छोटे कांदे, गाजराचे जाड तुकडे, लसूण, तमालपत्र, भाजलेला मैदा. शेवटी लाल वाइन. गेस्ट हाऊसमध्ये बाटली चालत नाही, म्हणून मी कोकमाचं आगळ दोन चमचे घातलं आणि गुळाचा एक खडा. मशरूम बाजारातले, पाकिटातले. आपल्या अळंबीचा वास त्यांना कुठून येणार? पण पाणी तेवढंच सोडतात. ते आटेपर्यंत धीर धरायचा, मग रंग चढतो, हे तुझंच.

तासाभरानं चव घेतली. वाईट नव्हती, पण पोकळ होती. लेक म्हणाली, "आई, कायतरी कमी हाय." मी म्हटलं, "उकळू दे अजून," आणि पाव आणायला खाली उतरले. दहा मिनिटांत परत येते तर बाई स्वयंपाकघरात उभी, वासानं ओढून आलेली, हातात चमचा, डोळे मिटलेले. मग ती भरभर काहीतरी बोलली. मॅनेजर हसून म्हणाला, "काकू, मॅडम म्हणतायत, डिट्टो आईच्या हातची चव." लेक लाजली. बाई बॅग आवरायला वर गेली आणि मीही खुशीत चमचा बुडवला. जिभेच्या आधी ओठांना कळलं. लोणी ओठावर विरघळून जातं, मटणाची चरबी चिकटून बसते. बाजूच्या शेगडीवर रात्रीच्या पाहुण्यांसाठी मटणाची हाडं शिजत होती. मी लेकीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली.

"एकच पळी घातली," ती म्हणाली. "तुकडा एक नाय त्यात. नुसतं पाणी. चव आली ना?"

मावशी, ही वाक्यं माझी आहेत. मी ती कधी मोठ्यानं बोलले नाही, पण तुझ्या खानावळीत, त्या श्रावणातल्या बुधवारी, माझ्या मनात हेच शब्द होते. तुला ताप भरला होता. तू मागच्या खोलीत घोंगडी घेऊन पडली होतीस आणि म्हणालीस, "आज अळंबी तू कर." वाडीवरच्या बाईनं टोपलीभर आणून दिलेली, पानांनी झाकलेली अळंबी. श्रावण पाळणाऱ्यांचं तेच तर मटण. धाटावच्या कारखान्यांत माणसं मात्र कुठून कुठून आलेली, त्यांना श्रावण नाही, त्यांचं खरं मटण दुसऱ्या चुलीवर. अळंबीचा टोप श्रावण पाळणाऱ्या पंधरा-वीस जणांचा आणि त्या माळकरी फिटरकाकांचा. मी घाईत अळंबीचं पाणी आटू दिलं नाही. रस्सा झाला पांचट. पहिल्या शिफ्टची माणसं दारात गाड्या लावत होती आणि मला वाटलं, आज कुणी म्हणालं, 'मावशीच्या हाताची सर नाय,' तर मी मेलेच. मी दुसऱ्या चुलीवरून एक पळी उचलली. सगळे म्हणत आले की पळी चुकली. पळी चुकली नव्हती. मी मागे वळून बघितलं होतं, कुणी बघतंय का म्हणून.

फिटरकाकांनी मागून दोनदा घेतला. "आज हात बसला गो तुझा," म्हणाले. मला आकाश ठेंगणं झालं. आणि तिसऱ्या घासाला त्यांनी दातांतून काहीतरी काढलं, बोटांत धरलं, ताटाच्या कडेला ठेवलं. हाडाची कपची, नखाएवढी. ते ओरडले नाहीत. "मावशे, ह्ये काय गो?" एवढंच. तू भिंतीला धरून बाहेर आलीस, ताटाकडे बघितलंस, टोपाकडे, मग माझ्याकडे. आणि म्हणालीस, "माझ्याच हातनं झालं. तापात पळी फिरली." तू चुलीजवळ आलीच नव्हतीस. ते उठले, हात न धुता तसेच नदीकडे गेले आंघोळीला. श्रावण पाळणारे एकेक करून उठले. पुढच्या महिन्यात तुझा शाकाहारी टोप चढायचा बंद झाला, आणि मावशीकडे जपून खा, असं रोह्यात जो तो म्हणायला लागला. तू मेलीस तेव्हाही दारात दोन बाया तेच बोलत होत्या. मी ऐकत उभी होते.

काल मला हे सगळं आठवायलाही वेळ नव्हता. घड्याळात साडेबारा वाजलेले, मशरूम संपलेले, बाई अर्ध्या तासानं जेवायला उतरणार. मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणाला, "काकू, एक चमचा गेला तो गेला. सांगून काय बाहेर येणार हाय? बाई खूश हाय. गप वाढा आणि दोनला टाटा करा." मी म्हटलं, चमचा गेला, आता मी ताटभर वाढू? लेक म्हणाली, "करपला म्हणून सांग. ओतून देऊ." खरं सांगते, हा रस्ता मला फार आवडला. कुणाचंच काही बिघडत नव्हतं. मी टोप उचलून मोरीपर्यंत नेला, ओतलासुद्धा. वरण-भाताचा कुकर लावला. जिन्यावर बाईची पावलं वाजली तेव्हा माझं वाक्य तयार होतं.

ती आली ती वही-पेन घेऊन. खुर्ची ओढून बसली, वहीचं कोरं पान उघडलं आणि माझ्याकडे बघून हसली. मॅनेजर म्हणाला, "विचारतायत, तुम्ही काय घातलंत? वीस वर्षांत त्यांना जमलं नाय ते. घरी जाऊन करायचं म्हणतात." आता सांग, तिथे करपल्याचं काय सांगणार? ती पेन उघडून बसलेली. मी म्हटलं, "सांगा त्यांना, त्यात मटणाचं पाणी होतं." मॅनेजर हसत हसत तिला काहीतरी बोलला. त्यात मला 'कोकम' ऐकू आलं, आणि बाईनं ते लिहून घेतलं. मी म्हटलं, "हे नाय सांगितलं मी." तो माझ्याकडे न बघता, दात आवळून म्हणाला, "काकू, काम जाईल तुमचं." लेक दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तोंड पांढरं पडलेलं. मग मीच वाकले. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, दुकानाच्या पाट्यांएवढं. मी म्हटलं, "मॅडम. मटण. वॉटर. इनसाइड. सॉरी."

तिचं पेन थांबलं. तिनं मॅनेजरकडे बघितलं, त्याला मान हलवावीच लागली. तिनं विचारलं, "हू?" एवढं मला कळलं. आणि मावशी, मी विचार केला नाही, हात आपोआप माझ्याच छातीवर गेला. "मी," म्हटलं. "माय हँड." ती उठली, बेसिनवर गेली आणि चुळा भरत राहिली, कितीतरी वेळ. परत येऊन वहीतलं पान फाडलं, चार घड्या करून खिशात घातलं. वरण-भात खाल्ला थोडा. जाताना मला मान लववली, पण हसली नाही. माफ केलं की नाही मला माहीत नाही, आणि विचारायचा मला हक्कही नव्हता. मॅनेजर तेव्हापासून बोलत नाही. वर कळवणार की नाही ते त्यालाच ठाऊक.

पण मला तुला सांगायचंय ते वेगळंच आहे. 'मी' म्हटलं त्या क्षणी माझी नजर लेकीकडे गेली. तिचे खांदे खाली आले. वाचले, असा सुटकेचा श्वास तिनं सोडला आणि लगेच शरमली. ते सगळं तिच्या तोंडावर लख्ख दिसत होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं. म्हणजे मावशी, त्या दिवशी तुलाही माझ्या तोंडावर ते दिसलं असणार. इतकी वर्षं मी समजत होते की तू मला चुकलेली पोर समजून पाठीशी घातलंस. तुला माहीत होतं, ते चुकून झालं नव्हतं. पुढच्याच गुरुवारी तू मला घेऊन नदीपलीकडे फिटरकाकांच्या घरी गेलीस, नारळ घेऊन. तू त्यांच्या पायरीवर हात जोडलेस, मी फाटकाशी उभी राहिले. ते म्हणाले, "मावशे, राग नाय. पण जेवण आता घरचंच." तेव्हा तू एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, निघायचं म्हणतेस. तू मला जागा करून देत होतीस गो, पुढे यायला. मी फाटकाची कडी चाचपत राहिले. येताना पुलावर तू म्हणालीस, "रस्सा फिका झाला तर सांगावं, आज जमला नाय. माणूस एक दिस फिका खाईल, मरत नाय." मी मान डोलावली आणि ते स्वयंपाकाचं शिकवणं म्हणून लक्षात ठेवलं.

तुझा राग येतो मला. एक थोबाडीत मारली असतीस तर मी बोलून मोकळी झाले असते. तू गप्प राहिलीस आणि मला जन्मभर गप्प ठेवलंस. म्हणून काल ठरवलं, आपण तसं करायचं नाही. बाईची गाडी गेल्यावर मी लेकीला समोर उभं केलं आणि बोलले, भांडी आपटून बोलले. कुणाच्या तोंडात काय जातं ते त्याचं त्याला ठरवू द्यायचं असतं, चवीसाठी दुसऱ्याचा नेम मोडणारा हात स्वयंपाकाचा नव्हे, असलं बरंच. ती रडली. "तू माझं नाव का नाय घेतलंस?" म्हणाली. मग डोळे पुसून, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं, "आई, तुझ्या हातनं कधीच असं नाय झालं?"

मी म्हटलं, "नाय. कधीच नाय."

आणि तिनं विश्वास ठेवला. आज सकाळपासून ती माझ्याकडे इतक्या आदरानं बघतेय की मला तिच्यासमोर उभं राहवत नाही. दुपारी भांडी झाल्यावर मी ही वही घेऊन कोठीच्या खोलीत येऊन बसले. तुला लिहायला काय जातं? तू वाचणार नाहीस. जिला हे वाचायला हवं ती भिंतीपलीकडे संध्याकाळचा कांदा चिरतेय, मधूनच हाक मारतेय, "आई, काय करतेस गो?" मी म्हणते, "हिशोब करतेय," आणि वही पालथी घालते.