फॉर्ममधलं एक लिटर दूध

ती. आईस,
मानसचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

महिनाभर आज लिहू, उद्या लिहू करत टाळलं, खरं सांगतो. काम बरं आहे, जेवण वेळेवर होतं. पाय तेवढे दुखतात.

सध्या सर्व्हेचं काम आहे. घरोघरी जाऊन विचारायचं, सात दिवसांत काय खाल्लं, खर्च कशावर झाला. सुदामा नगरात एका काकूंना साखरेचा भावच माहीत नव्हता. ट्यूशन, गाडी, बाहेरचं जेवण मात्र तोंडपाठ. पोहे दिले त्यांनी, वर भरपूर सेव. तुझ्या पोह्यांची आठवण आली. हां, तर राऊ गावाच्या पुढच्या वस्तीत सगळी कमाई आटा, तेल आणि भाड्यातच जाते. तिथल्या मंजूबाई म्हणाल्या, "दूध लिखो, रोज एक लीटर." शेगडीवर काळा चहा उकळत होता. मी लिहून घेतलं. थकलो होतो, वाद कोण घालणार.

दवाईचं विचारलं तर म्हणाल्या, "बीपी की गोली एक दिन छोड़ के." तेव्हापासून डोक्यात तूच आहेस. फोनवर विचारलं की तू "घेते रे रोज" म्हणतेस. दहा गोळ्यांचं पाकीट तुला किती दिवस पुरतं? ताई बघते का?

थांब, वस्तीच्या नाक्यावर टपरीत बसून लिहितोय, तर मंजूबाईच समोर येऊन उभ्या. म्हणतात, "भिया, वो दूध काट दो. झूठ लिखवा दिया था."

मी खोडलं. आता तू खरं लिही.

तुझा मानस