पडद्यावरचा २१२

नगर, मंगळवार, ऑगस्ट १९९९

१. सकाळी ११.४० ला मुंबईच्या ब्रोकरकडून आमच्या ऑफिसात येणारे शेअरचे थेट भाव थांबले.
२. माझ्या प्रोग्रॅमने पडद्यावर शेवटचा भाव, २१२, तसाच ठेवला.
३. ११.४६ ला आमचे गिऱ्हाईक, मिरजगावचे काका, यांनी तो बघून आपले शेअर विकायला सांगितले.
४. ऑफिसच्या मालकांनी मुंबईच्या ब्रोकरला फोन लावला. सौदा १८७ ला झाला.

भाव थांबले की पडदा कोरा व्हायला हवा. पण कोरा पडदा दिसला की गिऱ्हाइकं ओरडतात, म्हणून ती सोय मीच काढून टाकली होती. सहा मिनिटं २१२ हलला नाही. मी शेजारीच होते. माझ्या लक्षात कसं आलं नाही?

काका एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. सौद्याची चिठ्ठी बघून डोळे चोळत म्हणाले, "ताई, म्या तर दोनशे बारा वाचलं हुतं. तिकिटं फाडून फाडून डोळं बी फाटलं जनू."

सगळे हसले. मालक म्हणाले, "काका, आता मोतीबिंदू काढा." मालकांना मी तोवर सगळं सांगितलं होतं.

जाताना काका हसत नव्हते. "शनवारी जावयाला आनतो. हितनं पुढं त्योच बघंल. मला काय आता दिसत न्हाई."

मी सौद्याची नोंद वहीत केली. आता रात्री डोळे मिटले तरी २१२ समोर आहे, तसाच, न हलता.

उद्या मालकांच्या टेबलावर ही चिठ्ठी ठेवणार:

काकांना बरोबर दिसलं होतं. चूक माझ्या प्रोग्रॅमची होती. शनिवारी जावई येण्याआधी हे त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू? शुक्रवारपर्यंत कळवा.