समुद्राकाठी गच्चीचं घर

देवपूर, धुळे
१२ जानेवारी २०२५

ती. सुमनवहिनींस,
कोकिळाचा शि. सा. न. वि. वि.

मुद्दाम पोस्टाने लिहितेय. फोन केला की भाऊ स्पीकर लावून मध्ये बसतात, आणि तुमचं व्हॉट्सअ‍ॅपही तुमच्या आधी तेच वाचतात. टपाल दुपारी येतं, तेव्हा भाऊ पाइपांच्या दुकानात असतात, म्हणून हे पाकीट.

तर वहिनी, आधी बसून घ्या. मी घर घेतेय. धुळ्यात नाही, जळगावात नाही, समुद्राकाठी. घोलवडच्या पुढे चिकूच्या वाडीत एक घर आहे, तीन खोल्या, पुढे पडवी, आणि पाच मिनिटं चाललं की समुद्र. तिथे राहायचं नाही, म्हणजे मी अधूनमधून राहीन, पण घर पाहुण्यांना भाड्याने द्यायचं. होमस्टे म्हणतात त्याला. शनिवार-रविवारी सुरतेकडून, मुंबईकडून माणसं येतात. वकिलाकडून कागद तपासून घेतलेत, ते स्वच्छ आहेत. निवृत्तीचे पैसे बँकेत झोपून राहण्यापेक्षा कामाला लागलेले बरे.

दलालाने मला सहा घरं दाखवली. पाच कौलारू, उतरत्या छपराची, अंधारी. सहावं पाहिलं आणि मी तिथेच थांबले. वर चांगली ऐसपैस गच्ची, वहिनी! उन्हाळ्यात अंथरूण टाकावं, कुरडया-पापड वाळत घालावेत, रात्री आभाळ बघत पडावं. एवढं छान घर कोणी घेत कसं नाही, असं मी दलालाला विचारलं. तो नुसता हसला. भावही कमी होता. मी म्हटलं, या लोकांना गच्चीची किंमतच नाही.

आता अडचण एकच, आणि ती तुम्हाला माहीत आहे. भाऊंच्या मनात मी त्यांच्या शेजारचा प्लॉट घ्यावा, तुमच्या ललितने त्यावर बांधावं आणि मला खालची एक खोली द्यावी असं आहे. त्यात भाऊंची माया आहे, हे मला कळतं. पण वहिनी, लग्नाआधी वडिलांचं घर, मग सासऱ्यांचं, हे गेल्यावर दवाखान्याच्या नोकरीचं सरकारी क्वार्टर, आणि आता दिरांच्या वाड्यातली मागची खोली. अठ्ठावन्न वर्षं झाली, दारावर माझं नाव कधी लागलं नाही. एकदा लावून बघायचंय. आणि भाऊंनी त्या दारातून एकदा आत यावं, एवढंच मागणं आहे. ते आले नाहीत तर कितीही भाडं आलं तरी मला ते घर माझं वाटणार नाही.

तुम्हीच काहीतरी करा. तुमचा माझ्यावरचा लोभ जुनाच आहे, त्याच्याच जोरावर ही उडी मारतेय.

तुमची,
कोकिळा

---

जळगाव
२७ जानेवारी २०२५

चि. कोकिळास,
सुमनवहिनीचे अनेक आशीर्वाद.

अगं बाई, काय धाडस म्हणावं हे! पत्र वाचून मी गॅसवर दूध ठेवलंय तेच विसरले. सगळा ओटा धुवावा लागला, त्याचा दोष तुला.

मी या घरात आले तेव्हा तू सहावीत होतीस आणि विहिरीपाशी एकटी जायला घाबरायचीस. तीच तू आज एकटीने नरडाण्याला गाडीत बसतेस, सुरतेला गाडी बदलतेस आणि घर पसंत करून येतेस. मला तर जळगावात भाजी बदलून मागायची तरी हे बरोबर लागतात. खरं सांगू, मला तुझा हेवा वाटला, आणि मग फार बरं वाटलं.

यांना सांगितलं. जेवता जेवता सांगितलं, कारण भरल्या ताटावरून हे उठत नाहीत. आधी विचारलं, येडी व्हयनी का ती? मग म्हणाले की आयुष्यभर दवाखान्यात लोकांच्या चादरी बदलल्या, आता म्हातारपणी पुन्हा परक्यांच्या चादरी बदलणार का? माझ्या बहिणीने लोकांची उष्टी काढायची का? आवाज चढला होता, पण डोळे भरलेले होते. नव्या घराच्या पूजेला येणार नाहीत, असंही म्हणाले. मी बरं म्हटलं आणि भाकरी वाढली.

तू पूजा करून घे. माहेरची साडी मी कुरिअरने पाठवतेय, हिरवी, बारीक काठाची. पाठवणाऱ्याचं नाव यांचंच लिहिलंय. यांना माहीत नाही.

मन घट्ट ठेव. माझा जीव तुझ्यात आहे आणि कान यांच्याकडे आहेत.

तुझी,
सुमनवहिनी

---

घोलवड
२० एप्रिल २०२५

ती. वहिनींस,
कोकिळाचा शि. सा. न. वि. वि.

साडी नेसून पूजा केली. भाऊंचं नाव पाकिटावर बघून एक क्षण फसले, मग अक्षर ओळखलं. तरी पाकीट टाकलं नाही.

घर चालू लागलंय! मार्चपासून एकही रविवार रिकामा गेला नाही. आधी मला फार संकोच वाटायचा. पाहुण्यांकडून पैसे घ्यायचे म्हणजे काय, आपल्याकडे पाहुण्याला जाताना उलट हातात काहीतरी घालतात. पहिल्या कुटुंबाला मी निघताना पिशवीभर पापड दिले आणि भाडं मागायचंच विसरले. ते बिचारे स्टेशनवरून परत आले द्यायला. आता शिकलेय. पापड देते, पण आधी भाडं घेते.

गच्चीचं तर विचारू नका. पाहुणे रात्री खाली उतरतच नाहीत. गाद्या वर, पाण्याचा माठ वर, समुद्राचा वारा. बडोद्याची एक म्हातारी म्हणाली की इतकी झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती. शेजारच्या कौलारू घरांचे पाहुणे खालून माना वर करून बघतात.

भाऊंना म्हणावं, चादरी बदलते मी, अगदी रोज. पण दवाखान्यात चादर बदलताना पलंगावरचा माणूस कण्हत असायचा. इथे तो वाळू झटकत, सॉरी सॉरी म्हणत हसत असतो. तो फरक ज्याने चादरी बदलल्यात त्यालाच कळतो.

दारावर पाटी लागली. नुसतं ‘कोकिळा’ लिहिलंय. रंगाऱ्याने विचारलं की पुढे काही नाही का? मी म्हटलं, पुरे.

भाऊ अजून आले नाहीत. मी वाट बघते, हे त्यांना सांगू नका. किंवा सांगा.

तुमच्या मायेला अशीच भरती येत राहो.

तुमची,
कोकिळा

---

जळगाव
५ मे २०२५

चि. कोकिळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं, अगदी मुद्दाम. हे पेपरात तोंड घालून बसले होते, पण पेपरचं पान मात्र उलटलं नाही. चादरींचं वाचलं तेव्हा खाकरले. पाटीचं वाचलं तेव्हा उठून अंगणात गेले.

परवा दुकानावर कोणी गिऱ्हाईक समुद्रावर जायचं म्हणत होतं, त्याला यांनी घोलवडला कसं जायचं ते सगळं सांगितलं म्हणे, गाडीच्या वेळांसकट. घरी येऊन मला मात्र सांगितलं की असले धंदे चार महिन्यांचे असतात. म्हणजे वेळापत्रक पाठ आहे, पण जायचं नाही! या माणसाबरोबर मी सेहेचाळीस वर्षं कशी काढली, हे माझं मला माहीत.

कोकिळा, मला तुझा अभिमान वाटतो. बायकांच्या भिशीत मी एवढं सांगितलं की आता त्या भिशीच घोलवडला करायची म्हणतात. भाडं घे हो त्यांच्याकडून. पापड देऊ नकोस.

मी इथे किल्ला लढवतेय, तू तिथला सांभाळ.

तुझी,
सुमनवहिनी

---

देवपूर, धुळे
३० जुलै २०२५

ती. वहिनींस,
कोकिळाचा शि. सा. न. वि. वि.

दलाल का हसला ते कळलं.

आपल्याकडे पाऊस येतो आणि जातो. गच्चीला एक पन्हळ असली की झालं. तिथे पाऊस येऊन राहतो, वहिनी. पंधरा दिवस सूर्य नाही. गच्चीवर पाणी साचलं, एकुलती एक पन्हळ चिकूच्या पानांनी तुंबली आणि स्लॅबमधून पाणी आत झिरपायला लागलं. मी साडी खोचून वर चढले आणि बादलीने उपसत बसले. जेवढं उपसावं तेवढं वरून भरत होतं. खाली नाशिकचे पाहुणे होते, दोन लहान लेकरं. त्यांच्या पलंगावर धार लागली. माझी खोली त्यांना दिली, रात्रभर पातेली बदलत बसले, सकाळी सगळे पैसे परत केले. ते घेत नव्हते. मी खिशात कोंबले. माझ्या छपराखाली लेकरं भिजली, त्याचं भाडं कसं घेऊ?

पुढच्या सगळ्या बुकिंगचेही पैसे परत केलेत. ती पाचही कौलारू घरं कोरडी आहेत. अंधारी म्हणून मी ज्यांना नाक मुरडलं, ती. सबंध किनाऱ्यावर गच्ची बघून भाळणारी मी एकटीच धुळ्याची बाई निघाले.

एक गिऱ्हाईक आलंय. तो पाडून नवीन बांधणार आहे. पोळा झाला की विसार घ्यायचा, असं बोलणं झालंय. भाऊंना सांगा, तुमचंच खरं होतं. प्लॉटचं बघा म्हणावं.

पाटी काढून आणलीय. इथे कपाटावर ठेवलीय, पण जाता-येता दिसते. रडले मी, तुमच्यापासून काय लपवायचं.

लोभ तेवढा राहू द्या. सध्या तोच कोरडा आहे.

तुमची,
कोकिळा

---

जळगाव
७ ऑगस्ट २०२५

चि. कोकिळास,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितेय. तुझं पत्र यांच्या हातातच दिलं. मला वाटलं, बघ मी म्हणत होतो, असं काहीतरी ऐकावं लागेल. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगलं झणझणीत. पण तसं काही झालं नाही. पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, जेवले नाहीत. भरलं ताट सोडून उठले, कोकिळा! हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आज सकाळी पिशवी भरून निघाले. सुरतेला पाइपा बघायच्या आहेत म्हणाले. पाइपा बघायला कोणी छत्री, टॉर्च आणि मोजायची टेप नेतं का, हे मी विचारलं नाही.

तू विसार घेऊ नकोस. निदान माझं पुढचं पत्र येईपर्यंत थांब. एवढं वहिनीचं ऐक.

तुझ्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पदराला पुसू दे.

तुझी,
सुमनवहिनी

---

जळगाव
१३ ऑगस्ट २०२५

चि. कोकिळास,
नवलचे अ. उ. आ.

मला पत्र लिहायची सवय नाही. फोन करणार होतो, पण तुझी वहिनी शेजारी बसून स्पीकर लावते.

मी घोलवडला जाऊन आलो. तू विकतेस ते घर आहे तरी कसं, ते बघायचं होतं. स्टेशनवर उतरलो तर धो धो पाऊस. पत्ता नव्हता माझ्याकडे. रिक्षावाल्याला म्हटलं, धुळ्याच्या एका बाईंचं घर आहे, चिकूच्या वाडीत. तर तो गाडी चालवायची सोडून वळून माझ्याकडेच बघायला लागला. म्हणाला, कोकिळाबाईंचं? त्या कधी येणार? त्याच्या आईच्या पायाची जखम तू आठवडाभर रोज धुतलीस म्हणे, पावसात चालत जाऊन. हे तू कोणाला लिहिलं नाहीस. मग तो गच्चीवरच्या बादलीची गोष्ट सांगायला लागला. नाशिकवाल्यांना पैसे परत केल्याचं त्या गावात दुकानादुकानात माहीत आहे. अशी बाई इथे धंद्याला आली ते बरं झालं, असं तो म्हणाला.  

शेजारच्या वाडीवाल्याकडून किल्ली घेऊन घर उघडलं. चपला बाहेर काढून आत गेलो. तिन्ही खोल्या पाहिल्या. भिंतींना ओल आहे, पण घर मजबूत आहे. गच्चीवर चढलो, माप घेतलं. तुझी निवड चुकली नाही, फक्त त्या गच्चीला डोक्यावर काहीतरी पाहिजे. लोखंडी खांबांवर उताराचं पत्र्याचं छप्पर टाकायचं, चारी बाजूंनी पन्हळ, कोपऱ्यांत मोठ्या पाइपा. बाजू उघड्या ठेवायच्या, म्हणजे पाहुणे पावसातही वर बसतील. पाइपा माझ्या दुकानातून जातील. बिल तुझ्या नावावर येईल, बहीण म्हणून फुकट मिळणार नाही. मालकिणीला बिल द्यावं लागतं.

तू म्हणतेस माझंच खरं होतं. नव्हतं. प्लॉटवर मी तुला एक खोली देत होतो. तू एवढं मोठं काम एकटीने उभं केलंस, ते माझ्याच्याने या वयात झालं नसतं. पोळ्यानंतर येणाऱ्या त्या गिऱ्हाईकाला काय सांगायचं ते तू ठरव. घर तुझं आहे. मी फक्त एवढं सांगतो की मला ते फार आवडलं.

आता शेवटचं, ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसलो. जळगावात पन्नास वर्षं मला सगळे नवलभाऊ पाइपवाले म्हणून ओळखतात, आणि तू आलीस की तुला नवलभाऊंची बहीण म्हणतात. तिथे वाण्याच्या दुकानात मी काडेपेटी घ्यायला गेलो, तर त्याने विचारलं की तुम्ही कोण? पाइपवाला सांगून काही उपयोग नव्हता. मी म्हटलं, कोकिळाबाई मन्ही बहीण शे. त्याने खुर्ची पुसली, मला बसवलं, चहा मागवला आणि काडेपेटीचे पैसे घेतले नाहीत. कोकिळा, मी त्या खुर्चीवर अर्धा तास बसलो. पाऊस थांबला होता तरी उठलो नाही.

तब्येत सांभाळ, आणि या भावाला तुझ्या दारी असाच मान मिळू दे.

तुझा,
कोकिळाबाईंचा भाऊ
नवल