खोकणारा बोकड

प्रिय धाकट्या,

मी बरी आहे, खोलीत नवा पंखा बसवलाय. आईचे गुडघे कसे आहेत? एवढं तिला वाचून दाखव. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

परवा फोनवर तुझ्यामागून खोकला ऐकू आला. "कोण खोकतंय?" विचारलं, तर तू म्हणालास, "आई." आईला फोन द्यायला लावला, तर तिचा आवाज खणखणीत. "मला काय धाड भरलीये? याने बाजारातून बोकड आणलाय, तो खोकतोय. आता शेळ्याही खोकायला लागल्या."

अरे, डोकं गहाण ठेवलंस का? नवं जनावर आधी काही आठवडे वेगळं बांधायचं, हे शंभरदा सांगितलंय. नाक गळणारा बोकड तू आणल्याआणल्या शेळ्यांत सोडलास, का, तर शिंगं झोकदार! आणि वर आईच्या नावावर खोकला खपवलास!

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना मीच फोन करून घरी पाठवलं. ते म्हणाले, इंजेक्शनं दिली, मोठ्या दोघी चरायला लागल्या. पण माझी ठेंगणी, बाटलीच्या दुधावर वाढवलेली, काही खात नाही.

रागाच्या भरात काल कारखान्यात मी शर्टांना बाह्या उलट्या जोडल्या. सुट्टी मागितली, मिळाली नाही.

म्हणून ऐक. बोकड लांब बांध, त्याची पाण्याची बादली वेगळी ठेव, गोठा कोरडा कर. मग ठेंगणीजवळ बस. मान खाजवत पाला पुढे केला की ती माझ्या हातून खायची. तुझ्या हातून खाईल की नाही, देव जाणे. नाही खाल्लं, तरी उठू नकोस.

तुझ्यावर भयंकर चिडलेली,
ताई