लेलंडच्या नावाची पट्टी

टॅबर, नेब्रास्का
२ मे १९८४

चि. जॅनिस हिस आजीचे अ. उ. आ.

तर सगळ्यात आधी दारात उभा राहिला तो लिंडालच्या शाळेकडून पळणारा ड्वेन व्हॉस! आणि माझे हात पिठाचे. त्याच्यामागे शाळांच्या शर्यती भरवणाऱ्या लीगचे दोन मास्तर, टोप्या हातात धरून. पाहुणे आले की मला किती आनंद होतो, तुला ठाऊकच आहे. जर्दाळू भरलेले गोड कोलाचे-पाव नुकतेच ओव्हनमधून काढले होते. मास्तरांनी तीन-तीन हाणले. ड्वेनने एकच घेतला, तोही अर्धा टाकला. टक्कल पडलंय त्याला. मी म्हटलं, इतका पळलास की केस मागेच राहिले वाटतं, तरी हसला नाही.

मग कळलं. जूनपासून आपली शाळा बंद, चौदाच मुलं उरलीत ना. आठ शाळांची लीग आता सातांची. आणि नियम असा, की जी शाळा गेली तिच्या मुलांची नावं मैदानावरच्या विक्रमांच्या फलकावरून उतरवायची. म्हणजे आपल्या लेलंडचंही. मैलाच्या शर्यतीत बावीस वर्षं वर आहे गं तुझा बाबा. त्याच्याखाली ड्वेन. तो आता वर चढणार. मी त्याचं अभिनंदन केलं बाई, दुसरं काय सुचणार?

जेवत जा. माया आहेच, तू ती विसरू नकोस.
आजी


ओमाहा
७ मे १९८४

ती. आजीस जॅनिसचा सा. न. वि. वि.

त्याला कोलाचे खाऊ घातलेस? आजी, तुझ्यापुढे हात टेकले!

बाबा व्हिएतनामच्या युद्धात कामी आले तेव्हा मी दहा महिन्यांची होते. मला त्यांचा आवाजही आठवत नाही. दर मे महिन्यात शर्यतींना गेलो की तू मला उचलायचीस आणि मी फलकावरच्या त्यांच्या नावाच्या पट्टीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवायचे. माझे बाबा तेवढेच. ते नाव उतरू देऊ नकोस. रडून सांग, नाहीतर भांडून सांग.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी जॅनिस


टॅबर
१४ मे १९८४

चि. जॅनिस हिस अ. उ. आ.

चर्चची टोपी घालून गेले मी लीगच्या बैठकीला. बोलवेना, म्हणून तुझं पत्रच वाचायला दिलं. मग हात वर झाले, पाच विरुद्ध दोन. नाव उतरायचंच.

तेवढ्यात ड्वेन उठला. म्हणाला, वरची जागा रिकामी ठेवा, मी खालीच बरा. कुणी चिडवलं, अरे, पहिला नंबर फुकट मिळतोय तर घे की! तर म्हणाला, फुकट आहे म्हणूनच नको. लेलंडची पाठ बघतच मी पळालो, त्याच्या पुढे जायचं कसं ते मला ठाऊक नाही. शेवटी तसंच ठरलं. रिकामीच राहणार जागा. मला इतकं बरं वाटलं, आणि रडूही तिथंच आलं.

पट्टी आपल्याला देणार आहेत. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळा ठोकलाय, जरा खालीच. तुला उचलणं आता माझ्याच्यानं होणार नाही.

ये. बाकी सगळं समक्ष.
आजी

ता. क. ड्वेन आणि ते दोघे मास्तर पट्टी घेऊन शनिवारी, १९ तारखेला, परत येतो म्हणालेत.