भिंग डाव्या डोळ्याला

प्रिय बाबा,

तुमचा निरोप दादाने पोचवला. मी घड्याळाचं दुकान बंद करावं, घरी येऊन बसावं आणि कुणी विचारलंच तर बारीक कामाने डोळा गेला म्हणून सांगावं. यातलं एकही जमणार नाही.

बारीक काम तुम्ही चाळीस वर्षं केलंत आणि अजून समोरच्या दुकानाच्या पाटीवरच्या चुका काढता. माझा उजवा डोळा गोवराने गेला. एकतिसाव्या वर्षी गोवर म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंनी माझं वय दोनदा विचारलं. लहानपणी लस घेतली होती का, हेही विचारलं, तेव्हा मी खरं तेच सांगितलं. आई मला टोचायला घेऊन निघाली होती आणि तुम्ही दाराला आतून कडी घातलीत. गोवर येतो नि जातो, म्हणालात.

आला खरा. आधी ताप, मग डोळे लालबुंद, सारखं पाणी, उजेड सहन होईना. मी पडले हाडाची घड्याळजी, मला वाटलं भिंगाचा ताण आलाय. दिव्याला कागद लावला, डोळा पुसला आणि दोन दिवस तेच भिंग चढवून बसले. अंगावर पुरळ उठल्यावर दवाखाना गाठला. पुढे बुबुळावर जखम झाली. ती भरली, पण बुबुळावर पांढरं फूल राहिलं आणि त्या डोळ्याने दिसेनासं झालं. भिंगाचा मूर्खपणा माझा, तो तुमच्या माथी मारत नाही. पण लस चुकवली ती तुम्हीच, आणि त्याचा मला अजून राग येतो.

तीन महिने चिमटा स्क्रू सोडून भलतीकडेच जात होता. रडले, शिव्या दिल्या, त्यातल्या काही तुम्हालाही. पण भिंगातून एकच डोळा बघतो, हे तुम्हीच शिकवलंत ना? आता डावा बघतो. तुमच्या टेबलावरचा दिवा उखडून दुसऱ्या बाजूला बसवलाय. परवा नखाएवढं लेडीज घड्याळ चालू करून दिलं. गिऱ्हाईक घड्याळात वेळ लावून, ते मनगटावर बांधून निघून गेलं.

रागावलात तरी चालेल, पण पुढचं नीट वाचा. तुमची नात नऊ महिन्यांची झाली. तिला लस द्यायची नाही, असं तुम्ही दादाला बजावलंत, आणि तो बिचारा तुमच्यापुढे ब्र काढत नाही. वहिनीने मला फोन केला. सोमवारी सकाळी दहा वाजता मी येतेय, आम्ही दोघी बाळाला टोचायला नेणार आहोत. तुम्हाला नाही म्हणायचं असेल, तर माझ्या उजव्या डोळ्यात बघून म्हणा.

तुमचीच,
हट्टी धाकटी